जरा कमी वेढे

मे महिन्यात परातेंकडे गिटार घेऊन जाणं
म्हणजे जळत्या घरात कुंडीला पाणी मागणं.
गोळीबार चौकातलं सहा बाय आठचं दुकान,
उंबऱ्यापर्यंत कूलरच्या जळलेल्या मोटारी,
वॉर्निशचा वास,
आणि रांगेतला प्रत्येक जण
सेहेचाळीस डिग्रीचा पुरावा कपाळावर घेऊन.

गिटार बेन्सन सरांची.
अजनीचं रेल्वे क्वार्टर सोडून मुलीकडे निघाले
तेव्हा कपाटासोबत विकली. कपाटाचे जास्त आले.
पुलाकडचा पिकअप ठीक होता.
मानेकडचा मेलेला,
मीटर लावला की काटा हलायचाच नाही.

शार्दूल म्हणाला, दोन कॉइलचा घे, सिरॅमिक मॅग्नेटचा,
गरम असतो, भिंत फोडेल.
पण मला भिंत फोडायची नाही.
जुन्या रॉकचा आवाज ओरडत नाही, शार्दूल,
उतू जायच्या जरा आधी
दुधावर जी सुरकुती पडते ना,
तेवढाच हवाय.
हळू छेडलं तर स्वच्छ,
जोरात मारलं तर ॲम्पनेच काय ते फाटावं,
पिकअपने आधीच फाडून देऊ नये.

आणि दोन कॉइलचं म्हणशील तर,
त्या एकमेकींना उलट्या जोडलेल्या असतात.
बाहेरची घरघर दोघी झेलतात
आणि आपापसात मिटवून टाकतात.
असं घर मला माहीत आहे.
अकरा वर्षं राहिले तिथे.
फार शांत होतं.

एकेरी कॉइल सगळं ऐकते.
ट्यूबलाइट, शेजारच्यांची मिक्सी,
कोराडीहून तारांवरून येणारी पन्नासची गुणगुण.
मी ट्यूनर लावून पाहिलंय,
नागपूर थोड्या चढ्या जी मध्ये बोलतं.
ऐकू दे तिला.

परातेंनी बॉबिन नखावर ठेवून पाहिलं.
त्यांचा बाप मागावरचा, हे लहानपणापासून
कांड्या भरत आलेले,
मग पॉवरलूम, मग लूम विकून मोटारी.
खटक्याखटक्यांत कान गेले.
म्हणून मी ओरडून सांगितलं, काका,
वेढे जरा कमी घाला!
रांग हसली.

"कमी?
सारे लोक जास्त हवा मांगते, मॅडम,
तुमी कमी काहून?"

जास्त घातले की आवाज जाड होतो,
वरचा काठ जातो, असं काहीतरी मी ओरडले.
त्यांना काठ तेवढा कळला.
"काठ गेला त लुगडं गेलं," म्हणाले,
आणि घंटीच्या कॉइलसाठी कधीकाळी आणलेलं
केसाहून बारीक तारेचं रीळ काढलं.

मशीन लावलं नाही. हाताने.
तार चिमटीतून जात होती,
कधी डावीकडे दाटी, कधी मध्ये विरळ,
वेढे एकसारखे पडत नव्हते,
आणि मी पहिल्यांदाच एखाद्या कारागिराला
नीट करू नका अशी मनात विनवणी करत होते.
आकडा ते ओठांनी मोजत होते.
सात हजारांच्या पुढे कुणीतरी मोटार मागायला आलं
तर त्यांनी नुसती भुवई उचलली.
तो उभा राहिला.

मंगळवारी छोटा ॲम्प घेऊन गेले.
कूलरच्या बोर्डावरच पिन खुपसली,
अर्थात घरघर आली, भरपूर.
त्यावर एक तार छेडली,
मग तीन, मग हात मोकळा सोडला.
चहावाला पोरगा ट्रे घेऊन थबकला.

परातेंनी तळहात ॲम्पच्या फळीवर ठेवला,
मागाच्या फळीवर ठेवत असतील तसा,
धागा तुटला का बघायला.
डोळे मिटले.
मी हळू वाजवलं. मग जोरात.
जोरात वाजवलं तेव्हा त्यांची बोटं
लाकडावर जराशी उघडली.

"हं," म्हणाले, "तुटला नाई कुठं."
मग वहीत लिहिलं: मोटर छोटी, एक, दीडशे.
मी म्हटलं, काका, ही मोटार नाही.
त्यांना ऐकू गेलं नाही.
किंवा पुढचा नंबर आला होता.